मंडूर

आमच्या धारच्या घरात, माजघराच्या फडताळात वरच्या फळीवर एक चिनीमातीची बरणी असे. आत काळे, जड, जागोजाग बुडबुडे फुटून गेल्यासारखे दगड. बरणीला आजोबांच्या मोडी अक्षरातली चिठ्ठी डकवलेली: बाग, ढीग दुसरा, झाडाखालचे. माझ्या धाकट्या भावाला तो दगडी कोळसा वाटायचा. एकदा त्यानं त्यातला तुकडा पेटत्या चुलीत सारला. आजोबांनी चिमट्यानं तो बाहेर काढला, निवू दिला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत बरणीत टाकला. "त्याला आगीची भीती नाही बाळ, तो आगीतूनच निघालाय," एवढंच म्हणाले.

आजोबा वैद्य होते. बरणीतले दगड म्हणजे मंडूर, लोखंड गाळताना भट्टीतून वाहून बाहेर पडलेली मळी. पांढऱ्याफटक पडलेल्या बाळंतिणींना, पांडुरोगाच्या रोग्यांना ते मंडूरभस्म देत. मागच्या अंगणात बेहड्याच्या कोळशांवर मळी लालभडक तापवायची आणि गोमूत्रात विझवायची. असं सात वेळा. चर्र आवाज व्हायचा, वास तीन वाडे पलीकडे जायचा आणि आई नाकाला पदर लावून तुळशीपाशी उभी राहायची. सातव्या वेळी दगड बोटांनी चुरता येई.

शास्त्रात मंडुराची प्रत वयावर ठरते. शंभर वर्षं पडून राहिलेलं उत्तम, ऐंशीचं मध्यम, साठचं कनिष्ठ, त्याहून कोवळं घेऊच नये. मी विचारलं होतं, शंभर वर्षं झाली हे कळायचं कसं? आजोबा म्हणाले, "ढिगावर झाड बघायचं. मळीवर आधी काही धरत नाही. मग वारा माती आणतो, पाखरं बी आणतात, एखादं अंजन, एखादी सालई मूळ धरते. कवेत मावत नाही असं झाड ज्या ढिगावर उभं असेल, त्याच्या बुडाचं घ्यायचं. बोडक्या ढिगाला हात लावायचा नाही."

अशा ढिगांसाठी ते बागेला जात. धार पवारांचं आणि बाग शिंद्यांचं, तेव्हा तो दुसऱ्या राज्यातला प्रवास होता. अमझेऱ्याच्या राजा बख्तावरसिंहांनी सत्तावनच्या उठावात हत्यार उचललं, १८५८ मध्ये इंदुरात त्यांना फाशी दिलं गेलं आणि अमझेऱ्याचा मुलूख ग्वाल्हेरकडे गेला. अमझेरा ओलांडताना आजी हात जोडायची. पुढे टांडा, मग उतार, आणि बाघिनी नदीच्या काठी बाग. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दहा वर्षांची होते. आजोबा तिथं एका भिलाला पटेलांच्या घरी उतरत. आजोबा त्यांना पटेलबाबा म्हणायचे, ते आजोबांना वैद्यदादा.

पटेलबाबांच्या आज्यानं भट्ट्यांवर काम केलं होतं. ओसरीवर बसून, तंबाखू मळत त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही. दिवाळी सरली की भट्ट्या पेटायच्या. माणसं बयडीतून, म्हणजे टेकडीतून, तांबडा दगड टोपल्यांनी वाहून आणायची. कोळसा धावड्याचा, कारण त्याची आग टिकते. दोघं जण आळीपाळीनं भाता मारायचे, पहाटे भट्टीचं तोंड फोडून लोखंडाचा गोळा ओढून काढायचा आणि मळी पाटातून नाल्याकडे वाहायची. आज्याची आई कोळशासाठी पहिल्या वर्षी घरामागच्या रानात जायची. चौथ्या वर्षी तिला दोन टेकड्या ओलांडाव्या लागायच्या. पुढे तर ती कोंबडं आरवायच्या आधी निघायची. मोह तोडला नाही, बाकी सारं तोडलं. पावसाळ्यात नाला तांबडा वाहायला लागला आणि खालच्या खाचरांत गाळ बसला.

मग एका वर्षी बाजारात विलायती लोखंड आलं, स्वस्त आणि साफ. भट्ट्यांचे मालक एका हंगामात उठून गेले. "जाताना भाते नेले," पटेलबाबा म्हणाले. "ढीग ठेवले."

इथं ते थांबले आणि तंबाखू तोंडात टाकली. मला पुढची गोष्ट हवी होती. पुढची गोष्ट नव्हती. ढीग होते, ते आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिले. पहिल्या ढिगावर नुसती कुसळं होती. दुसऱ्यावर एक अंजन उभा होता. मुळांनी मळीला विळखा घातलेला, आणि त्या विळख्यातून आजोबा एकेक दगड असा सोडवत होते की मूळ दुखू नये.

पुढे मी भूगोलाची शिक्षिका झाले आणि पटेलबाबांच्या गोष्टीचे कागदोपत्री धागे शोधत गेले. बागेची लेणी १८१८ मध्ये डेंजरफील्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पाहून त्यांची नोंद केली, आणि जॉन माल्कमच्या मध्य भारतावरच्या १८२३ च्या ग्रंथाला माळव्यातल्या खडकांविषयीचं टिपण जोडलेलं आहे तेही त्याचंच. पुढे ब्लॅनफर्ड या भूगर्भशास्त्रज्ञानं तापी-नर्मदेच्या खोऱ्यातले खडक तपासले. आणि १८८४ मध्ये भूगर्भ सर्वेक्षण खात्यातले तरुण बंगाली अधिकारी प्रमथनाथ बोस यांनी निमावर ते कवांट या पट्ट्याचा अभ्यास छापला. बागेच्या चुनखडीचे थर त्यांनी लावून दाखवले: तळाला निमाड वालुकाश्म, वर गाठीगाठींची चुनखडी, मग देवला-चिराखानची मार्ल, म्हणजे मातकट चुनखडी, आणि त्यावर प्रवाळांसारखी दिसणारी पिवळसर चुनखडी. नर्मदेच्या खोऱ्यात एके काळी समुद्र शिरला होता, त्याची ही पानं.

हेच बोस पुढे मयूरभंज संस्थानात गेले आणि २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेटजी टाटांना पत्र लिहून गोरुमहिसानीच्या लोहखनिजाची खबर दिली. टाटा त्याआधी आपल्याच मुलखात शोध घेत होते. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजावर १८८२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला होता, जमशेटजींच्या डोक्यात पोलादाचं बीज तिथूनच पडलं. लोहाऱ्याचं जमलं नाही. मग नागपूरच्या संग्रहालयात त्यांचे चिरंजीव दोराबजी यांच्या नजरेला एक रंगीत नकाशा पडला, त्यातून ते दल्ली-राजहऱ्याकडे वळले, आणि अखेर मयूरभंजला पोचले. १९०७ मध्ये टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली.

ही वाट मी मुद्दाम सांगते, कारण खाण कंपनीनं समाजाचं देणं मानावं ही गोष्ट आपल्याकडे बऱ्याच अंशी या कंपनीपासून सुरू होते. १९०२ मध्ये जमशेटजींनी दोराबजींना लिहिलं होतं की कामगारांच्या गावात रुंद रस्ते हवेत, भराभर वाढणारी सावलीची झाडं हवीत, खेळायला मैदानं हवीत, देवळं-मशिदी-चर्च यांना जागा हवी. कारखाना उभाही राहिला नव्हता, तेव्हाचं हे पत्र. १९१२ मध्ये तिथं आठ तासांची पाळी आली, देशाच्या कायद्यात ती यायला १९४८ उजाडलं. मला जमशेटजींबद्दल अपार आदर आहे. पण वर्गात मुलांना ते पत्र समजावताना मला पटेलबाबांच्या आज्याची आई आठवते. पत्रातलं गाव कारखान्यात काम करणाऱ्यांचं आहे. ज्या डोंगरातून दगड निघतो त्या डोंगराच्या पायथ्याशी, कुणाच्याच हजेरीपटावर नसलेली जी बाई राहते, तिचा रस्ता त्या पत्रात नाही. तिची आठवण कायद्याला व्हायला फार वर्षं लागली.

बागेच्या आसपास आता मागणी चुनखडीला आहे. लोखंड मागं पडलं. बोसांनी ज्या थरांची नावं लावली, त्यांच्या जातीचा दगड सिमेंटला लागतो. मनावर तालुक्यात अल्ट्राटेकचा मोठा सिमेंट कारखाना आहे. या चुनखडीवरच्या, तिच्यानंतर साचलेल्या लॅमेटा थरांत बाग आणि कुक्षी यांच्या दरम्यान डायनासोरांची अंडी निघाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९२ घरटी आणि २५६ अंडी मोजली आहेत. पाडल्यासारख्या गावांत हे गोल दगड लोक काकड भैरव म्हणून पुजत होते. काकड म्हणजे शेताची हद्द, तिचा राखणदार भैरव. पिढ्यान्‌पिढ्या नारळ फोडून ज्याला शेत सांभाळायला सांगितलं, तो निघाला साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचा न उबलेला जीव. बागेजवळ सुमारे ९० हेक्टरांचं जीवाश्म राष्ट्रीय उद्यान आता राखलेलं आहे. मला मात्र वाटतं की पहिली राखण भैरवाच्या नावानं झाली, आणि ती सरकारी कुंपणाहून जुनी आहे.

निवृत्त झाल्यावर मी एका जनसुनावणीला गेले. चुनखडीच्या खाणीचीच होती, पण वर नाव घेतलं त्या कारखान्याची नव्हे. पटेलबाबांच्या नातवानं फोन करून बोलावलं. "ताई, इंग्रजीतलं तुम्ही वाचा," म्हणाला. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेनं अशी सुनावणी सक्तीची केली आहे. तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी हजर, सगळ्याचं चित्रीकरण, आणि पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत. सारांश हिंदीत होता. मंडपातल्या निम्म्या बायका भिली बोलणाऱ्या. मी वाचत होते, नातू सांगत होता, आणि मागं बसलेल्या म्हाताऱ्या एकमेकींना पुन्हा सांगत होत्या.

कंपनीचा अधिकारी तरुण होता, पस्तिशीचा असेल. मन लावून समजावत होता. वरची सुपीक माती आधी खरवडून वेगळी रचून ठेवायची. दगड पायऱ्यापायऱ्यांनी काढायचा. सुरुंगाची वेळ ठरलेली, आधी भोंगा. रस्त्यांवर टँकरनं पाणी मारायचं म्हणजे धूळ बसते. ढिगाभोवती चर खणून पावसाचं पाणी टाकीत घ्यायचं, म्हणजे गाळ नाल्यात जात नाही. पट्ट्याच्या हद्दीपासून साडेसात मीटर आत खणायचं नाही, त्या पट्टीत झाडं लावायची. पटेलबाबांच्या नाल्याला दीडशे वर्षांपूर्वी हे मिळालं असतं तर, असं मला ऐकताना वाटत होतं. यातली एकेक गोष्ट कुठल्या ना कुठल्या बुजलेल्या खाचरानं शिकवलेली आहे.

मग मागून एक बाई उठली. वय साठीचं, कासोटा घातलेला, हातात कथलाची कडी. तिनं विचारलं, "दगड खणता खणता पाणी लागलं, तर ते पाणी कुणाचं?"

अधिकारी म्हणाला, खड्ड्यातलं पाणी झाडांना आणि रस्त्यांवर वापरू, उरलेलं नाल्यात सोडू.

"आणि माझी विहीर आटली तर कुणाकडे यायचं? तुझ्याकडे?"

त्यानं क्षणभर कागदाकडे पाहिलं. म्हणाला, "मावशी, माझी बदली होईल तोवर."

मंडप गप्प झाला. खोटं बोलला असता तर सोपं गेलं असतं त्याला. तो खरं बोलला, म्हणून मला तो आवडला, आणि त्याच्या उत्तराची मला भीतीही वाटली. चुनखडी पाणी धरते ते भेगांमध्ये. खड्डा खोल गेला की आसपासच्या भेगांतलं पाणी त्याच्याकडे ओढलं जातं, आणि ते किती लांबून येईल हे पाच-दहा उन्हाळे गेल्यावरच कळतं. विहीर आटायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ कुठलाच अधिकारी एका जागी राहत नाही.

घरी येऊन मी हिशेब मांडत बसले. शिक्षिकेची सवय. पैशाच्या थैल्या तीन आहेत. पहिली कंपनीची सामाजिक जबाबदारी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानं मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी खर्चावी लागते. शाळेच्या खोल्या, फिरता दवाखाना, शिवणयंत्रं यातून येतात. दुसरी थैली जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची, २०१५ मध्ये कायद्यात आलेली. जुन्या पट्ट्याला स्वामित्वधनाच्या ३० टक्के, लिलावातल्या पट्ट्याला १० टक्के. चुनखडीचं स्वामित्वधन २०१४ च्या दरानं टनाला ८० रुपये. म्हणजे प्रतिष्ठानात टनामागं २४ रुपये किंवा ८ रुपये. सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्याला साधारण ६५ किलो चुनखडी लागते असं धरलं, तर पोत्यामागं त्या गावांच्या वाट्याला दीड रुपया येतो, नाहीतर पन्नास पैसे. तिसरी थैली खाण बंद करण्याच्या आराखड्याची हमी. ती हेक्टरावर ठरते. नागपूरला मुख्यालय असलेला भारतीय खाण ब्यूरो हे आराखडे मंजूर करतो आणि खाणींना तारेही देतो.

तिन्ही थैल्या चांगल्या आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. धारसारख्या पाचव्या अनुसूचीतल्या भागात प्रतिष्ठानाच्या कामांना ग्रामसभेची मंजुरी लागते, ही मोठीच गोष्ट आहे. पण एक थैली बांधलेली आहे नफ्याला, दुसरी टनाला, तिसरी हेक्टराला. नफा थांबतो. टन थांबतात. त्या बाईची विहीर यांतल्या कशालाच बांधलेली नाही. तिला हवी आहे वर्षांना बांधलेली थैली, कंपनी उठून गेल्यानंतरच्या वर्षांना. गोव्याच्या लोहखनिजाबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये विक्रीच्या १० टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकायला सांगितली, ती या जातीची. आदिवासी भागातल्या खाणपट्ट्यांविषयीच्या समता खटल्याच्या १९९७ च्या निकालातही नफ्याच्या २० टक्क्यांच्या कायम निधीची कल्पना होती. आणि ८ जानेवारी २०२० रोजी त्याच न्यायालयानं खाण संपल्यावर तिथं पुन्हा गवत उगवून देण्याची अट पट्ट्यातच घालायला सांगितली. गवत. चारा. निकाल वाचताना त्या एका शब्दापाशी मी बराच वेळ अडखळले, कारण पहिल्या ढिगावरची ती कुसळं डोळ्यांसमोर आली.

बागेला जाणं झालं की मी लेण्यांत जाते. नऊ लेणी. वालुकाश्म मऊ, ओल शिरणारा, छतं कोसळलेली. भिंतींवरची चित्रं विरून चालली होती, म्हणून १९२१ मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार या मंडळींनी त्यांच्या नकला केल्या. पुढे १९८२ मध्ये उरलेली चित्रं भिंतींवरून उतरवावी लागली. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे होते, मराठी माणूस. त्यांच्या काळात दुसऱ्या लेण्यातला ढिगारा उपसताना एक ताम्रपट सापडला, माहिष्मतीच्या महाराज सुबंधूंचा. एक गाव विहाराला दिल्याचा. त्या गावाच्या उत्पन्नातून गंध-धूप-फुलं, भिक्षूंचं अन्न-वस्त्र-औषध हे सगळं करायचं, आणि विहाराचा जो भाग फुटेल-तुटेल तो दुरुस्त करायचा.

दीड हजार वर्षांपूर्वी डोंगर पोखरणाऱ्यांना हे माहीत होतं की पोखरलेला डोंगर फुटणार. म्हणून दुरुस्तीचा खर्च दानपत्रात, तांब्यावर, गावाच्या नावानिशी कोरून ठेवला. तरी लेणी पडली. गाव कधीतरी सुटलं असेल, भिक्षू गेले असतील. पण ताम्रपट आहे, त्यामुळे काय ठरलं होतं ते आपल्याला वाचता येतं. भट्टीवाल्यांचं काय ठरलं होतं ते कुणालाच सांगता येत नाही, कारण काही ठरलंच नव्हतं.

गेल्या मार्गशीर्षात पटेलबाबांचा नातू धारला आला. खाणीत त्याला डंपरवर काम मिळालं आहे, आणि ते त्याला आवडतं. पोरं इंग्रजी शाळेत जातात. हेही खरं आहे आणि ते लपवून मी काही लिहू शकत नाही. बरोबर त्यानं खाणबंदीच्या आराखड्याची झेरॉक्स आणली होती. पट्टा ५० वर्षांचा. तो बोटांवर मोजत होता. "संपेल तेव्हा माझा मुलगा अठ्ठावन्नचा." मी त्याला बरणी दाखवली. त्यानं एक दगड हातावर तोलून पाहिला. "आमच्या बयडीचा?" मी मान हलवली.

मग आम्ही नकाशा पसरला. जागा आखलेल्या होत्या: मातीचा ढीग, दगडाचा ढीग, टाकी, कितव्या वर्षी कुठं झाडं. त्याचं बोट हद्दीवरून फिरत फिरत एका निळ्या रेघेवर थांबलं. तिच्याजवळ छापलं होतं, मौसमी नाला. नुसतं तेवढंच.

"याला नाव आहे," तो म्हणाला. माझं पेन घेतलं, आणि समासात, रेघेच्या अगदी कडेला, नाल्याचं नाव लिहिलं. अक्षर लहान पडलं म्हणून पुन्हा गिरवलं. मग पान उलटलं.